मारी आजींची भट्टी

ग्रीन बेजवळ, विस्कॉन्सिन
६ ऑक्टोबर १९९६

प्रिय आईस, मनापासून जयभीम.

आम्ही मजेत आहोत. थंडी पडायला लागलीय, पण तू विणलेला स्वेटर पुरतो. बाबांचा गुडघा कसा आहे?

आमचं हे गाव बेल्जियमहून आलेल्या वालून शेतकऱ्यांनी वसवलं. १८७१च्या वणव्यात लाकडी घरं जळाली, तेव्हा त्यांनी लाल विटांची बांधली. शेजारच्या मारी आजींच्या घरामागे अजून जुनी भट्टी आहे. कापणीच्या सणासाठी काल मी त्यांना पावाची कणीक मळू लागले, तर त्या कणकेशीच काहीतरी बोलत होत्या.

म्हणाल्या, "ही आमची वालून भाषा. बोलायला दुसरं कोण उरलंय?"

लहानपणी शाळेत वालून बोललं की शिक्षा व्हायची. म्हणून त्यांनी स्वतःच्या मुलांशी फक्त इंग्लिशच ठेवलं. मुलं खूप शिकली, दर रविवारी फोन करतात. "पण मी त्यांच्याशी पाहुणीसारखी बोलते," म्हणाल्या.

घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं. नातीशी, आपल्या मैत्रीशी, बोलता यावं म्हणून तू इंग्लिशच्या क्लासला जातेस. "मैत्रीला मराठी कळत नाही, इंग्लिशमध्ये बोल," असं मीच तुला सांगितलं होतं ना? चुकलंच माझं.

क्लास सोडू नकोस, तो तुझ्यासाठी कर. पण रविवारी फोनवर मैत्रीशी मराठीतच बोल. ती "व्हॉट?" म्हणाली तरी थांबू नकोस. "काय?" म्हणेपर्यंत बोलत राहा.

तुझीच,
संघमित्रा