पित्तच आहे

मंगळवार, ३ मार्च
पुन्हा खाज. मनगटावर सहा पुटकुळ्या, बोटांच्या बेचक्यांत आणखी चार. अंघोळीला बसल्यावर मोजल्या. बेंबीभोवतीही आहेत. त्या मोजल्या नाहीत.

ह्यांनी विचारलं तेव्हा म्हटलं, पित्त उठलंय. पित्त हा शब्द बरा. चहा जास्त झाला, जागरण झालं, कुणालाही होतं. पित्त म्हटलं की कुणी नाक मुरडत नाही. मनात दुसराच शब्द येतोय, तो इथेही लिहिणार नाही.

कामावर माझ्या जोडीच्या शिडीनेही विचारलं, "हाताला काय झालं गं?" "पित्त." "बरं," म्हणाली आणि चादरीची पलीकडची टोकं उचलली.

गुरुवार, ५ मार्च
आजपासून रबरी हातमोजे. सांगितलं, नवा सोडा हाताला चावतो. आमच्या धुलाईघरात हे सहज खपलं. सोडा आहेच जहाल.

नऊ वर्षं झाली, या लॉजच्या चादरींच्या घड्या मी आणि शिडी मिळून घालतो. ती वरच्या दोरीवरची चादर स्टूल न घेता काढते, म्हणून शिडी. मी मोहरीएवढा डाग दिसला तरी चादर परत पाण्यात टाकते, म्हणून भिंग. दोघी टोकं धरून झटकतो, एकमेकींकडे चालत येतो, ती तिची टोकं माझ्या बोटांत देते आणि वाकून खालची घडी उचलते. दिवसाला साठ चादरी. आज मध्ये रबर होतं. मला तिच्याकडे बघवेना.

दुपारी तिच्याच मानेवर लाल गांधी उठल्या, चांगल्या कोटाच्या बटणाएवढ्या. सगळ्यांसमोर करकरा खाजवत हसत होती. चारपर्यंत गेल्याही. ती काही लपवत नाही.

शनिवार, ७ मार्च
आजचं लिहायला नको वाटतंय, तरी लिहिते.

बारा नंबरच्या पाहुण्याची तक्रार — अंगाला खाज सुटली, चादरी नीट धुतलेल्या नाहीत. मॅनेजरबाई खाली आल्या. आम्हा चौघींना ओळीत उभं केलं. "कुणाच्या अंगावर काही आहे का? स्पष्ट सांगा."

माझे हात मोज्यांत घामाने भिजलेले. आणि मी बोलले. "शिडीच्या मानेवर बघा. मला तर खरूज वाटते."

भिंगानेच सांगितल्यावर शंका कोण घेणार? तिच्या मानेवर तेव्हा दोन गांधी होत्याच. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातमोज्यांकडे. बाई म्हणाल्या, बरी झाल्याशिवाय कामावर यायचं नाही, आणि तोवर दुसरी कुणी मिळाली तर मिळाली. शिडीने डबा उचलला आणि गेली. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच आहे. हे मला माहीत होतं.

रविवार, ८ मार्च
मी खोटं बोलले नाही. "वाटते" म्हणाले होते.

मंगळवार, १० मार्च
शिडीच्या जागी अजून कुणी नाही. चादरीची दोन टोकं भिंतीतल्या खुंट्यांना अडकवून एकटीने घड्या घातल्या. सरळ येत नाहीत. खुंटी पुढे चालत येत नाही.

खाज वाढलीय. अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. आज फणीने पोट खाजवताना ह्यांनी पाहिलं. म्हणाले, "हे कसलं पित्त तुझं, आठ दिवस झाले!" मी त्यांच्यावरच खेकसले.

शुक्रवार, १३ मार्च
दोन बस बदलून अशा डॉक्टरीणबाईंकडे गेले जिथे मला कुणी ओळखत नाही. नावही बहिणीचं सांगितलं. म्हटलं, पित्त उठलंय.

त्यांनी विचारलं, सकाळी उठलेलं दुपारी जिरतं, की जिथल्या तिथे राहतं? जिथल्या तिथे. मोठं आणि पसरट, की बारीक? बारीक. मग माझी बोटं फाकवून त्यांनी वरून भिंग धरलं. बेचक्यात एक रेघ होती, पेन्सिलीची वाटावी एवढीशी. "पित्त नाही हे. पित्ताच्या गांधी काही तासांत जातात, दुसरीकडे उठतात. ही खरूज आहे."

म्हणजे शिडीला पित्त आणि मला खरूज. मी नावांची अदलाबदल केली होती, एवढंच.

रडू आलं. त्यांना वाटलं, रोगाची लाज वाटतेय. "अहो, ही कुणालाही होते. स्वच्छतेशी काही संबंध नाही." त्यांना काय सांगणार!

शनिवार, १४ मार्च
मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं. मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्यांत, नखांखाली. रात्रभर ठेवून सकाळी धुवायचं. कपडे, पांघरुणं गरम पाण्यात. आठवड्याने पुन्हा एकदा. खाज तीन-चार आठवडे रेंगाळेल, म्हणून उगाच मलम चोपडत बसायचं नाही.

म्हणजे घरात सांगणं आलं. सांगितलं. ह्यांनी मुकाट्याने शर्ट काढला. सासूबाई मात्र पदराशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "मला दीड महिना झाला. मीपण पित्तच म्हणत होते."

रोज त्यांना अंघोळ मी घालते. चादरीवरचा मोहरीएवढा डाग मला दिसतो! त्यांच्या पाठीला मलम लावताना दोघींना हसू फुटलं. मग शिडी आठवली आणि ते हसू तिथेच राहिलं.

सोमवार, १६ मार्च
मॅनेजरबाईंच्या दारापर्यंत गेले. परत आले. खुंटीवर घड्या घातल्या.

बुधवार, १८ मार्च
सांगितलं. हातमोजे काढून हात टेबलावर ठेवले. खरूज मला आहे, शिडीला नव्हती. तिला पित्त होतं, बहुतेक नव्या सोड्याचं. मला शंका होती, तरी तिचं नाव घेतलं, कारण तुम्ही माझे हात बघाल याची भीती वाटली.

बाईंनी खुर्ची मागे घेतली. म्हणाल्या, "डॉक्टरांचा कागद आणेपर्यंत घरी बसा. पुढचं पुढे बघू. आणि तिला मी नाही बोलावणार. तुम्ही जाऊन बोलवा."

नोकरीची पर्वा नाही, असं लिहिणार होते. खोटं ठरेल. पर्वा आहे.

गुरुवार, १९ मार्च
शिडीच्या घरी गेले. मान स्वच्छ होती तिची. दारातच सगळं सांगून टाकलं. तिने माझा हात ओढला, बोटं फाकवून बेचक्यांत पाहिलं. म्हणाली, "सुकतंय. आमच्याकडे दोनदा येऊन गेलीय ही, लांबूनही ओळखते मी. तू पित्त म्हणालीस ना, त्याच दिवशी कळलं होतं."

मग बाईंसमोर का नाही बोललीस?

"वाटलं, तू सांगशील."