खानदानी गुडघे

१४ नोव्हेंबर

चि. सूनबाईस आशीर्वाद.

मी ठीक आहे. तुम्ही सगळे बरे असाल. इकडे थंडी सुरू झाली. शेजारच्या मांजरीने माझ्या शिलाई मशीनखाली पिल्लं घातली आहेत. राहू दे म्हटलं, हल्ली मशीन बंदच असतं.

तुला पत्र म्हणून हे पहिलंच. तुझ्या नवऱ्याला लिहिलं असतं, पण तो माझी पत्रं अर्धीच वाचतो. गॅस बंद केलास का, जिन्यात दिवा आहे का, असल्या शंका मी जन्मभर काढल्या, त्याचंही चुकत नाही. रविवारी फोनवर हसत म्हणाला, "बाबा, छकुलीचा घसा बरा झाला, तर आता गुडघे धरून बसलीय. परवा उजवा, आज डावा. तुमचे खानदानी गुडघे!" मी डॉक्टरचं नाव काढताच, "झालं तुमचं सुरू," म्हणाला आणि फोन ठेवला.

हा विनोद आमच्यात जुनाच. माझ्या बहिणीचे गुडघे असेच दुखायचे, मग माझ्या थोरल्या लेकीचे. वाढतं वय आहे म्हणून आम्ही तेल चोळायचो. दुखणं आपोआप जायचं. थोरली पुढे हृदयाच्या झडपेने गेली, ऐन विशीत. गुडघ्यांचा आणि त्याचा संबंध कुणी लावलाच नाही.

तो मला गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितला. घशातल्या जंतूशी लढता लढता काहींचं शरीर स्वतःच्याच सांध्यांवर, हृदयावर उठतं. आजार आईबापाकडून येत नाही, पण काही घराण्यांची अंगंच अशी, की त्याला लवकर बळी पडतात. वेळेवर कळलं तर इंजेक्शनं देऊन हृदय सांभाळता येतं. छकुलीला लगेच दाखव. घसा आधी दुखत होता हे सांग, थोरलीचंही सांग. काही निघालं नाही तर खुशाल हसा मला.

त्या बाईंकडे मी कशाला गेलो होतो, ते लिहायचं नव्हतं. माझीही झडप आखडली आहे. "बरोबर कोण आलंय?" त्यांनी विचारलं. मुलगा खाली गाडी लावतोय, म्हटलं.

तपासून आलात की एक रिंग देऊन ठेवून दे, मी समजेन. बोलावंसं वाटलं तर मात्र वाजू दे. खुर्चीतून उठून फोनपर्यंत यायला मला वेळ लागतो, पण उचलीन.

तुझे सासरे