वाफ्यातला रानकांदा

आषाढ वद्य ३

पुन्हा निघाला! घरामागच्या सांदवाडीत, वांग्याच्या वाफ्यात — रानकांदा. परवाच खंदून उकिरड्यावर फेकला होता. आज तिथंच बसेल हाये.

तांड्यावरची रुपाबाई लाकडं विकाले आलती. पाह्यलं अन् म्हणे, "ओ माय! हे खाऊन माही बकरी मेली. लेकराले जप वं."

जगदेव आठ महिन्याचा हाये. रांगते. जे दिसलं ते तोंडात. कारंज्याचा डाक्टर गाडीनं अर्ध्या दिवसावर.

आषाढ वद्य ५

चार काढले. वरून ओढलं तं पात हातात येते, कांदा खाली तसाच. हात खाजवून खाजवून लाल.

आषाढ वद्य ६

चाराच्या जागी पाच!

आषाढ वद्य ८

जगदेवच्या बापाले सांगतलं. "मायले इचार," म्हणे. आत्याबाईले, म्हंजे सासूले, कोन इचारन? लग्न झाल्यापासून त्याईच्या समोर मी "हो" च्या पुढं बोलली नाई.

संध्याकाई त्याच म्हणे, "तुहे हात काहून लाल झाले वं?"

"मिरच्या," म्हटलं.

आषाढ वद्य १०

कांद्याभवतीची माती भुसभुशीत. वरून पाणी टाकेल. रानकांद्याले कोनी पाणी घालते काय?

आषाढ वद्य १२

सकाई लवकर उठली. भिंतीआडून पाह्यलं — आत्याबाई! लंगडत लंगडत उकिरड्यावर गेल्या. मी फेकेल कांदे वेचले, वाफ्यात लावले, तांब्यानं पाणी घातलं. एक ठेवून घेतला. तो चुलीत भाजला अन् तळपायाच्या कुरुपावर बांधला. असं हाये तं!

सांगाले गेली. तोंड उघडलं. "पाणी भरून आणू काय?" म्हटलं.

दुपारी त्या झोपल्या, मी पुन्हा सगळे खंदले.

आषाढ अमावस्या

मी जात्यावर होती. आत्याबाई ओरडल्या. जातं सोडून धावली. जगदेवच्या तोंडात कांदा!

त्याईनं घशात बोट घालून तुकडा काढला. दोनदा ओकला. ओठ सुजले. मी काढेल कांदा होता का त्याईनं लावेल — कोनाले मालूम.

दिवस बुडेपर्यंत दोघी त्याच्या तोंडाकडं पाहत बसलो.

दिवे लागले तवा दूध प्याला. मले चावला. बरं वाटलं.

श्रावण शुद्ध १

दोघींनं मिळून सगळे काढले, गोवऱ्या रचून जाळले. आत्याबाईचा पाय ठणकत होता, तरी उठल्या नाई.

"पयलेच सांगाचं नाई काय, पोरी?"

"तुमचं भेव वाटे," म्हटलं.

आत्याबाईनं खुरपं मातीत घातलं. खाली पाहूनच म्हणे, "अन् मी काहून लपून लावत होती? मलेबी तुहं भेव. तू रोज वही घेऊन बसतं. माह्याबद्दल काय लिहून राह्यली वं तू?"