आडव्या बाटलीची घरपट्टी

मी, श्रीमती सत्यभामा नत्थुजी इंगोले, वय ७१ वर्षे, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार शेलूवाडी, तालुका नांदगाव खंडेश्वर, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. पहिल्या वर्गाचा हजेरीपट अजून क्रमाने म्हणून दाखवते. कोणी धाक घातलेला नाही. आग्रह मात्र झाला आहे, त्याबद्दल कलम पाचमध्ये.

१. माझ्यामागे पहिले काम घरपट्टीचे. ती भरून पावती हातात येईपर्यंत कोणीही वाटणीचा विषय काढू नये.

२. चार एकर शेत, राहते घर आणि बँकेतील ठेवी मुलगा उद्धव यास द्याव्यात. तो अमरावतीला नोकरी करतो, स्वभावाने चांगला आहे. लोखंडी कपाट व पुस्तके शाळेला. माझ्या पाटल्या नात आकांक्षा हिला. मोडून नवीन घडवल्या तरी माझी हरकत नाही.

३. आता बसथांब्याजवळचा गाळा. माझे पती नत्थुजी यांनी तो देशी दारूच्या दुकानाला भाड्याने दिला होता. २००८ साली गावातल्या बायकांनी दुकान बंद करण्यासाठी सह्या केल्या आणि मतदान लागले. चिठ्ठीवर दोन चित्रे: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. मतदारयादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मते आडवीला हवी होती. जी आली नाही, ती उभीच्याच बाजूची धरायची. यादीत ६१२ नावे. आडवीला ३०३ मते पडली. चार कमी.

यादीचे काम शाळेतून माझ्याकडे होते. लग्न होऊन गेलेल्या सतरा लेकींची नावे मी कमी केली नव्हती. त्यांच्या आया म्हणाल्या होत्या, "राहू द्या ना बाई, नाव असलं म्हणजे पोरगी गावातच हाये असं वाटते." मीही राहू दिली, कारण त्या सतरांत माझी रागिणी होती. ती सतरा नावे कमी झाली असती, तर ३०३ मतांत दुकान बंद झाले असते.

पुन्हा मतदानासाठी वर्ष थांबावे लागले. त्या वर्षात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आशाबाई मोहोड हिचा नवरा सूर्यभान आमच्याच गाळ्यासमोर पडला, तो उठला नाही. मी तिला यादीचे सगळे सांगितले. ती म्हणाली, "तुमी काय जाणून केलं का बाई?" मी नाही म्हणाले. ते उत्तर मला आजही पुरत नाही. यादी समोर घेतली आणि पहिले नाव रागिणीचे कापले. पुढच्या मतदानात आडवी बाटली ३४१ मते मिळवून जिंकली.

४. दुकान गेले, त्यासोबत उत्पन्नही गेले. सरकारचे उत्पादन शुल्क बुडाले, आमचे भाडे बुडाले, ग्रामपंचायतीला गाळ्याची व भोवतीच्या टपऱ्यांची पट्टी येईना. विजेचे बिल थकून रस्त्यावरचे दिवे तीन महिने बंद होते. नत्थुजींनी सहा महिने माझ्या हातचा चहा घेतला नाही. स्वतः करून प्यायचे, आणि माझ्यापेक्षा चांगला करायचे. अंगणात बसून म्हणायचे, "पाह्य, तुह्या बाटलीचा उजेड."

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. म्हणून ग्रामसभेत घरपट्टी वाढवण्याचा ठराव मी मांडला. बाटलीचे मतदान गुप्त होते; इथे नवऱ्यादेखत हात वर करायचे होते. बराच वेळ एकटा माझाच हात वर होता. मग आशाबाईचा. मग मागच्या रांगेतून नत्थुजींचा. "दिवे तं पायजेच," म्हणाले. त्यानंतर हात मोजावे लागले नाहीत. ज्या मताने उत्पन्न बंद केले, त्याची किंमत आम्हीच भरली, आजही भरतो.

पुढे नत्थुजींनी गाळा बक्षीसपत्राने माझ्या नावे केला. म्हणाले, "बंद तूच पाडला, आता सांभाळ तूच." तिथे आशाबाईने पिठाची गिरणी घातली.

५. बंदी उठवण्यासाठी गावात पुन्हा सह्या फिरत आहेत. रस्त्यावर दुसरी पक्की जागा नाही, म्हणून दुकानदाराने गाळ्याला तिप्पट भाडे देऊ केले. उद्धव मला समजावून गेला.

"आई, सरकारलेच पैसा पायजे, तं तू कावून मधात येतं?"

"सरकारले पायजे तं माह्याकडून पट्टी घ्या म्हणा. देऊन राहिलो ना आपण."

"सारे काय तुह्यासारखे हात वर करतीन?"

"तुह्या बापानं केला होता."

तो हसला, पण दुकानदाराला नाही म्हणालेला नाही. गावाने उद्या उभ्या बाटलीला मत दिले, तर तो गावाचा हक्क. माझी जागा मात्र मिळणार नाही.

६. म्हणून सदर गाळा मुलगी रागिणी गोपाल वानखडे, राहणार हिवरखेड, तालुका तेल्हारा, जिल्हा अकोला, हिला देत आहे. आशाबाई हयात असेपर्यंत गिरणी तिथेच राहावी. भाडे म्हणून तिने गाळ्याची वर्षाची पट्टी भरावी, जास्त काही नाही. तिथे दारूचे दुकान कधीही घालू नये. रागिणीला अशी अट घालण्याची गरज नव्हती, वकिलांनी सांगितले म्हणून लिहिले.

ग्रामपंचायतीने कराच्या नोंदवहीत, नमुना आठवर, गाळ्यासमोर रागिणीचे नाव चढवावे. गावाच्या यादीतून ते मीच कापले होते, आणि ते बरोबरच होते. आता दरवर्षी पावती तिच्या नावाने फाटेल.

वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. त्यांच्यासमोर मी सही केली व माझ्यासमोर त्यांनी.

सही: सत्यभामा नत्थुजी इंगोले

साक्षीदार:
१) ज्योत्स्ना अंकुर ढोके, शिक्षिका, वलगाव
२) उद्धव नत्थुजी इंगोले, अमरावती. (साक्षीदार लाभार्थी चालत नाही, असे वकिलांनी सांगितल्यावरून हे नाव रद्द. तो वाचून सही करायला तयार होता, याची नोंद राहावी.)
३) साधना रमेश गावंडे, अंगणवाडी सेविका, शेलूवाडी

स्थळ: शेलूवाडी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५