सारजाच्या रानात मेंढरं नकोत

निपाणी, २० ऑक्टोबर १९९४

चि. दादासो यास थोरल्या भावाचा आशीर्वाद. लेकीकडं माझं बरं चाललंय. डोळ्याची पट्टी सुटली, म्हणून स्वतः लिहितोय.

तुझं कार्ड वाचून मात्र अंगाचा तिळपापड झाला. फुललेली अमरवेल लसूणघासासकट कापून मेंढरांना घातलीस आणि वर लिहितोस, "पिवळं काय नि हिरवं काय, पोटात गेलं की संपलं." संपत न्हाय, शहाण्या. तिचं बी लेंडीतून जसंच्या तसं उतरतं आणि पडेल तिथं उगवतं. ना मूळ, ना पान. घासाला विळखा घालून त्याचाच रस पिते ती सटवी.

आणि तीच मेंढरं तू भाऊबीजेची ओवाळणी म्हणून, दरवर्षीसारखी खताला, कळंबला सारजाच्या रानात बसवणार? बहिणीच्या दोन गाई तिथल्या घासावर जगतात आणि तिचं घर त्या गाईंवर.

आपल्या घासाचं बी न चाळता मीच पेरलं होतं, त्यातनंच ही वेल आली, तेवढ्या शिव्या माझ्या. पण मेंढरं महिनाभर आपल्याच पडीक रानात कोंड. उरलेली वेल घासासकट जागेवर जाळ. उपटून बांधावर फेकू नको, तुटका तुकडासुद्धा जगतो.

तुझा खोकला थांबला का? कळव.

सारजाला यंदा लुगडं ने. मेंढरं का न्हाईत म्हणून ती फुगेल, तेव्हा खरं सांग. सांगायची लाज वाटली तर हे पत्रच तिच्या हातात दे, शिव्यांसकट.

तुझ्यावर रागावलेला,
म्हस्कूदादा