कुलूपवालीच्या तीन कोऱ्या ओळी

प्रिय दादा,

आजही पोस्टमन आला नि गेला, तुझं पाकीट नाही. तीन आठवडे झाले. मी लिहीत असलेली मालिका सुरू झाल्यापासून दर भागानंतर तुझी चुकांची यादी यायची, वर मायना ‘घाईबाई’. कपाचा कान आधी डावीकडे, मग उजवीकडे. खिडकीत ऊन सकाळचं, घड्याळात पाच. मी वैतागायचे आणि सेटवर सगळ्यांना वाचूनही दाखवायचे. कलादिग्दर्शक तर तुझ्या नावानं बोटं मोडतो. आता यादी नाही तर करमत नाही. शेवटी तुझ्या बस डेपोत फोन केला. तू आखतोस ती वेळापत्रकं नेहमीसारखी वेळेवर येताहेत म्हणाले. म्हणजे तू बरा आहेस, फक्त माझ्याशी बोलत नाहीस.

इकडे आमच्या कुलूपवालीनं धमाल उडवून दिलीय. कुठलंही कुलूप नुसतं कान लावून उघडणारी बाई, लोकांना फार आवडली. पण हल्ली पत्रांत एकच प्रश्न असतो, ही ऑटिस्टिक आहे का? एका आईनं लिहिलंय, माझी मुलगीही शिवण टोचते म्हणून मोजे उलटे घालते, आपल्यासारखं कुणीतरी तिला पहिल्यांदाच टीव्हीवर दिसलं. दुसरे एक काका चिडलेत, हुशार माणसाला हुशार म्हणा की, वर आणखी चिठ्ठी कशाला चिकटवता? मग चॅनेलनं एक डॉक्टरीणबाई बोलावल्या. त्या म्हणाल्या, कागदावरच्या बाईला मी तपासू शकत नाही, तुम्ही लिहिलंत तेवढीच ती आहे. आणि जाता जाता हळूच विचारलं, हिला कुणावरून घेतलंत? मी म्हटलं, कुणावरूनच नाही, मनानं रचली.

धडधडीत खोटं बोलले, दादा. तुझी बाई केली, हातात कुलपं दिली, वाटलं झाकलं गेलं. पण मोजे तुझेच राहिले. मिक्सर सुरू झाला की टेबलाखाली जाऊन बसणंही तुझंच. पाहुण्यांसमोर आईची सारवासारवसुद्धा मी जशीच्या तशी घेतली, आमचं थोरलं जरा तऱ्हेवाईक आहे हो. डॉक्टरीणबाई ऑटिझमची एकेक खूण सांगत होत्या आणि मी मनात तुझ्याशी ताडून बघत होते. तू तसा आहेस की नाही, मला ठाऊक नाही. ते ठरवणारी मी कोण? पण तुला काय होतं, हे आपल्या घरात कुणी कधी विचारलंच नाही. नीट वाग, एवढंच सांगत आलो.

यादी कुठल्या भागानंतर थांबली तेही मला माहीत आहे. एकेचाळिसाव्या. त्यात तिची बहीण सगळ्यांदेखत कुलूपवालीला म्हणते, चार लोकांत तरी माणसासारखी वाग. माझ्या लग्नात मी तुला म्हणाले होते तेच. लाउडस्पीकर किंचाळत होता, तू कान झाकून खाली बसला होतास, फोटोग्राफर खोळंबला होता आणि मला लाज वाटत होती. तू उठलास आणि चालत घरी गेलास. त्या फोटोत माझ्या डाव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा अजून रिकामी आहे. आणि ते वाक्य मी तुला न विचारता घरोघरी ऐकवलं.

शेवटचा भाग सोमवारी द्यायचाय. चॅनेलला त्यात तिचं निदान ठणकावून हवंय. मी सांगितलंय, आधी एका माणसाला विचारते. त्या भागात बहीण माफी मागते आणि मग कुलूपवाली बोलते. तिथं मी अडलेय, कारण त्या दिवशी तू काहीच बोलला नाहीस आणि मी अकरा वर्षांत विचारलं नाही. सोबत पानं पाठवतेय. तिच्या उत्तराच्या तीन ओळी कोऱ्या आहेत, तुझ्यासाठी. हे दाखवूच नकोस म्हणालास तर फाडून टाकीन, चॅनेल गेलं खड्ड्यात. आणि शब्द नकोसे असतील तर नुसती यादी पाठव. मागच्या कोऱ्या पानावर पहिला नंबर मीच भरून ठेवलाय. लग्नाचा हॉल, दुपारची वेळ, भाऊ बरोबर, चूक बहिणीची.

तुझीच,
घाईबाई