न थांबणारं चाक

प्रिय चिमे,

पत्र बघून दचकू नकोस. फोनच केला असता, पण आपलं घर केवढंसं, स्वयंपाकघरातला शब्द मागच्या खोलीत ऐकू जातो. शिवाय तू "हां, बोल" म्हणालीस की माझ्या डोक्यातलं सगळं पळून जातं. तर मुद्दा असा, की बाबांचं चाक अजून फिरतंय. तू गेलीस तेव्हापासून मी एकदाही ते थांबलेलं पाहिलेलं नाही. आता मी मानू तरी कुणाचं? असं चाक थांबणारच, म्हणालीस; कॉलेजात मुलांना हेच शिकवतेस, तेव्हा तू चुकायची नाहीस. पण डोळ्यांसमोर फिरतंय त्याला काय म्हणू? माझं डोकं पार चक्रावलंय बघ.

तू समजावलंस ते मी विसरले नाही. शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं दुकान बंद केलं आणि घरात बसून या माणसाने वाकड्या आऱ्यांचं ते चाक केलं. आऱ्यांच्या खोबणीत लोखंडी गोळ्या. त्यांचं म्हणणं, उतरत्या बाजूच्या गोळ्या घरंगळत कडेला जातात, ती बाजू जड होते, म्हणून चाक कायम ओढलं जाणार. तू त्यांचीच पेन्सिल घेऊन दाखवलंस, की या बाजूच्या गोळ्या लांब खऱ्या, पण थोड्या. त्या बाजूच्या जवळ, पण जास्त. शेवटी दोन्हीकडचा जोर सारखाच. वर बेअरिंग आणि हवा चाकाची गती जराजरा खातच राहतात. आणि समजा कुणीच काही खाल्लं नाही, तरी ढकलताना घातला तेवढाच जोर चाकात राहणार, त्याच्यावर एक दिवासुद्धा फुकट जळायचा नाही. मला तू लहानपणी झोपाळ्यावर बसायचीस ते आठवलं. एकदा ढकलून मी कामाला लागले, की झोके बुटके होत जायचे आणि तुझी हाक यायची. तेवढ्यावरून मला पटलं. त्यांना नाही पटलं. ज्याला हातात पाना धरता येत नाही त्याने मला चाक शिकवू नये, म्हणाले. तूही त्यांचीच लेक, नाक फुगवून सकाळच्या पहिल्या गाडीने गेलीस. तेव्हापासून तुझा फोन आला की हे हात धुवायला नळावर जातात आणि मी मधल्या मधे लोंबकळते.

त्यात आता रविवारी चाक बघायला बाजारातले सगळे जुने कारागीर येणार आहेत. दोरे-बटणांचे दुकानदारसुद्धा. शेजारून खुर्च्या मागवून झाल्या. तुला माहीत आहे, बाजारात यांना अजून उस्ताद म्हणतात. चार माणसांपुढे चाक थांबलं आणि कुणी फिस्सकन हसलं, तर हा माणूस पुन्हा त्या रस्त्याने जायचा नाही.

म्हणून काल मी उसवलेले कपडे घेऊन मागच्या खोलीतच ठाण मांडलं. म्हटलं, एकदाचा छडा लावू. चाक मंदावायला लागलं. तेवढ्यात हे तेलाची बुधली न्यायला आले आणि जाता जाता चाकाला तळव्याने एक टपली देऊन गेले. बघितलंसुद्धा नाही तिकडे! तुला आठवतं ना, कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी नमस्काराच्या आधी यांचा हात मशीनच्या चाकावर. फिरवायचं आणि कान लावायचा, जड चालतंय का. तुझी तीनचाकी उलटी करून ठेवली असली तरी सोडायचे नाहीत. मला इतकं हसू आलं, की सुई बोटात गेली. मी म्हटलं, अहो, चोर म्हणजे तुमचाच हात! तर माझ्याकडे वळले. म्हणाले, "मी? मी कुठे हात लावला?" खोटं बोलले की यांचे कान लाल होतात. कान लाल झाले नव्हते. नंतर पुन्हा आत आले, पुन्हा टपली दिली, दोन पावलं मागे सरकून उभे राहिले आणि कौतुकाने म्हणाले, बघ, अजून फिरतंय.

सवय असेल, असं मी मनाला सांगितलं. मीही गॅस बंद करते आणि परत बघायला जाते. पण मग एकेक आठवायला लागलं. मशीनच्या ज्या भोकात तेल घालून झालं, त्यातच लगेच पुन्हा तेल. रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन, कशाला निघालो होतो म्हणून परत येणं. या वयात एवढं चालायचंच, असं म्हणते आणि लगेच मला वाटतं, नाही गं, हे काहीतरी निराळं आहे. धड हसता येत नाही, धड रडता येत नाही.

खरं तर कालचं मी तुला कळवणारही नव्हते. पण आज सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "पोरीचा फोन का येत नाही गं? तिला चाक दाखवायचंय. खूश होईल ती." मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, टोमणा आहे का म्हणून. नव्हता. तुझे फोन तर नाहीतच, पण तुमचं भांडणही त्यांच्या लक्षात नाही, चिमे, त्यातला एक शब्द नाही. क्षणभर मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, म्हटलं चला, सुटली एकदाची अढी. आणि मग चहा तसाच टाकून कागद पुढे ओढला. तू रविवारच्या आधी ये. कारागिरांना मी काहीतरी सांगून परतवीन. डॉक्टरकडे यांना काय सांगून न्यायचं ते मला सुचत नाही, तुझं ऐकतील. आलीस की आधी मागच्या खोलीत जा आणि चाक बघ. लोखंडी गोळ्यांच्या हिशेबाचा विषय काढू नकोस. काही झालंच नव्हतं असं बोल, त्यांच्यापुरतं झालेलं नाहीच. हे लिहिताना मला इथे गोळ्यांचा आवाज येतोय. मघाशी अगदी मंदावला होता. आत्ता पुन्हा जोरात सुरू झाला.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
आई